न्यायाधीश डिसइंटरेस्टेड हवा, अनइंटरेस्टेड नको

इंग्रजीत ज्या विशेषणांच्या जोड्या सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, त्यांपैकी ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ ही जोडी मला कामात सर्वांत जास्त वेळा भेटते. मी न्यायालयीन आणि सहकारी संस्थांच्या कागदपत्रांची मराठी भाषांतरे करते, आणि या दोहोंपैकी पहिला शब्द कागदावर दिसला की पुढची दोन वाक्ये वाचल्याखेरीज त्याच्यासाठी मराठी शब्द लिहिण्याचे धाडस मी करत नाही. ‘अनइंटरेस्टेड’ची अशी अडचण नसते. ज्याला एखाद्या गोष्टीत रस नाही, ती झाली काय आणि राहिली काय, याचे ज्याला सोयरसुतक नाही, तो अनइंटरेस्टेड. ‘डिसइंटरेस्टेड’चा काटेकोर अर्थ मात्र निराळा आहे. प्रश्नाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी ज्याचे काही वाढत नाही आणि काही बुडतही नाही, ज्याचा त्यात हितसंबंध गुंतलेला नाही, तो डिसइंटरेस्टेड. दोन वकिलांचा युक्तिवाद चालू असताना डुलक्या काढणारा न्यायाधीश अनइंटरेस्टेड असतो. तोच न्यायाधीश वादातल्या जमिनीच्या मालकाचा मेहुणा निघाला, तर झोपेत असूनही तो डिसइंटरेस्टेड ठरत नाही.

हे दोन शब्द एकाच गुणाच्या कमीअधिक छटा सांगतात, असा समज अनेकांचा असतो. माझ्या मते त्यांचे विषयच वेगळे आहेत. अनइंटरेस्टेड हा शब्द माणसाच्या मनाबद्दल बोलतो आणि डिसइंटरेस्टेड हा शब्द तो माणूस कोठे उभा आहे याबद्दल बोलतो. मन बाहेरून दिसत नाही, त्याबद्दल केवळ अंदाज करता येतो. उभे राहण्याची जागा मात्र कागदपत्रांवरून, नात्यागोत्यांवरून, समभागांच्या नोंदवहीवरून तपासता येते, आणि म्हणूनच कायद्याला ‘अनइंटरेस्टेड’शी फारसे कर्तव्य नसून ‘डिसइंटरेस्टेड’शी फार मोठे कर्तव्य आहे.

घोळाचे मूळ अर्थातच ‘इंटरेस्ट’ या शब्दात आहे. लॅटिनमध्ये ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘एस्से’ म्हणजे असणे. या दोहोंपासून बनलेल्या क्रियापदाचा अर्थ ‘फरक पडणे, महत्त्वाचे असणे’ असा झाला. युरोपातील मध्ययुगीन कायदेपंडितांनी तो शब्द नुकसानभरपाईसाठी वापरला. चर्चने व्याज घेण्यास मनाई केली होती, परंतु कर्ज वेळेवर न फेडल्यामुळे धनकोचे जे नुकसान होई त्याची भरपाई मागता येत असे, आणि या भरपाईच्या वाटेने हा शब्द व्याजाच्या अर्थापर्यंत पोहोचला. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ हक्क, हिस्सा किंवा मालमत्तेतील भाग असा आहे. कुतूहल किंवा रस हा अर्थ त्यामानाने बराच अलीकडचा असून तो अठराव्या शतकात रुळला. म्हणजे या शब्दाच्या घरात हिस्सेदारी आधीपासून राहत होती आणि आवड मागाहून राहायला आली. आज आवडीने सगळे घर व्यापले आहे, त्यामुळे ‘इंटरेस्टेड’ म्हटले की पहिल्यांदा आवडच मनात येते.

गंमत अशी की मराठी माणसाने बोलण्यात उचललेल्या ‘इंटरेस्ट’मध्ये हे तिन्ही अर्थ अजून शाबूत आहेत. ‘बँकेचा इंटरेस्ट जमा झाला’, ‘मला गाण्यात इंटरेस्ट आहे’ आणि ‘त्या प्लॉटमध्ये आमदारांचा इंटरेस्ट आहे’ ही तीन वाक्ये ऐकताना कोणाचाही गोंधळ होत नाही. तिसरे वाक्य बोलताना आवाज आपोआप खाली येतो, आणि आमदारांना त्या प्लॉटचे कुतूहल आहे असे कोणी समजत नाही. हे तिसरे वाक्य ज्याला कळते त्याला ‘डिसइंटरेस्टेड’ कळायला काहीच हरकत नाही. त्या प्लॉटमध्ये ज्याचा तसा इंटरेस्ट नाही, तो डिसइंटरेस्टेड.

या फरकाला प्रत्यक्षात किती धार असते, हे मला एका गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाच्या कागदांवर काम करताना दिसले. समितीने सभासदांना इंग्रजीतून सूचना काढली होती, आणि ज्येष्ठ सभासदांच्या मागणीवरून तिचे मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले. सभांना न येणाऱ्या, पत्रांना उत्तर न देणाऱ्या सभासदांना उद्देशून तीत असे म्हटले होते की, ‘डिसइंटरेस्टेड मेंबर्स’साठी निर्णय थांबवून ठेवता येणार नाही. लिहिणाऱ्याला ‘अनास्था असलेले सभासद’ म्हणायचे होते हे संदर्भावरून उघड होते, आणि मी तसेच लिहिले. पण मराठी मजकूर वाचून दाखवला जात असताना मूळ इंग्रजी प्रत हातात धरून बसलेल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मला मध्येच थांबवले. ते म्हणाले, “ताई, तुम्ही बरोबर लिहिलंय, इंग्रजीच चुकलंय. डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचं घर यात नाही तो. माझं घर आहे. मी सभेला येत नाही ते गुडघ्यामुळे.”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते, आणि ते त्या सूचनेच्या शब्दयोजनेपुरते मर्यादित नव्हते. पुनर्विकास होणाऱ्या इमारतीत एकही सभासद डिसइंटरेस्टेड असू शकत नाही. ज्याचा फ्लॅट आहे, ज्याला वाढीव क्षेत्रफळ मिळणार आहे किंवा मिळणार नाही, ज्याला दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात काढायची आहेत, तो इंटरेस्टेडच असणार. तो सभेला येवो अथवा न येवो, नोटीस न वाचता डब्यात टाको, त्याच्या हिताला त्यामुळे कमीपणा येत नाही. अनइंटरेस्टेड सभासद मात्र प्रत्येक इमारतीत असतात, आणि अशा माणसाला ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणणे म्हणजे नकळत त्याचा हक्कच नाकारणे होय. परक्याशी जसे वागावे तसे घरच्या मालकाशी वागण्याची मुभा त्या एका उपसर्गाने समितीला मिळते.

याच प्रकरणाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. जिथे खरोखर डिसइंटरेस्टेड माणूस हवा असतो, तिथे तो आहे की नाही हे कोणी पाहत नाही. विकसकांच्या प्रस्तावांची तुलना करणारा वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार हा डिसइंटरेस्टेड असला पाहिजे. त्याचे शुल्क अखेरीस विकसकाच्या खिशातून येणार असेल, तर तो कितीही कर्तबगार असला आणि कितीही मन लावून काम करत असला, तरी त्याची जागा हललेली असते. महाराष्ट्र शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली पुनर्विकासासंबंधी प्रथम २००९ मध्ये आणि नंतर २०१९ मध्ये निदेश काढले. समितीचे सदस्य, पदाधिकारी किंवा त्यांचे नातेवाईक स्वतःच विकसक असू नयेत, ही अट त्यांत याच कारणासाठी आहे. अशा अटीला समितीच्या सदस्याची आवडनिवड विचारायची नसते. त्याचे नाते कोणाशी आहे एवढेच विचारायचे असते.

इंग्रज न्यायालयांनी हा विचार फार कठोरपणे राबवला, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८५२ मधील आहे. ग्रँड जंक्शन कॅनॉल या कालवा कंपनीचा डाइम्स नावाच्या गृहस्थाशी जमिनीवरून वाद चालू होता. लॉर्ड चॅन्सेलर म्हणजे तत्कालीन सर्वोच्च न्यायिक पदावरील लॉर्ड कॉटनहॅम यांनी कंपनीच्या बाजूने दिलेला निकाल कायम केला. पुढे उघड झाले की लॉर्ड कॉटनहॅम यांच्याकडे त्या कंपनीचे काही हजार पौंडांचे समभाग होते. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले, तेव्हा लॉर्ड कॅम्पबेल यांनी स्पष्ट म्हटले की त्या समभागांचा लॉर्ड कॉटनहॅम यांच्या मनावर तिळमात्र परिणाम झाला असेल असे कोणीही मानणार नाही. आणि एवढे म्हटल्यावरही त्यांचा आदेश रद्द करण्यात आला. मला या निकालाचे नेहमी कौतुक वाटते, कारण मन आणि जागा यांची फारकत इतक्या स्वच्छपणे क्वचितच केली जाते. मन निर्मळ आहे असे मान्य केले, तरी जागा चुकीची होती, आणि तेवढे कारण पुरेसे मानले गेले.

आपल्याकडे याचे नामांकित प्रकरण ‘ए. के. क्रैपक विरुद्ध भारत सरकार’ हे आहे. त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये दिला. जम्मू-काश्मीरमधील वन अधिकाऱ्यांतून भारतीय वनसेवेसाठी निवड करायची होती, आणि निवड मंडळावर बसलेले प्रभारी मुख्य वनसंरक्षक स्वतःच उमेदवार होते. स्वतःच्या नावाचा विचार चालू असताना ते बाजूला झाले, हे खरे. पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर चर्चा होत असताना ते मंडळात बसले होते. न्यायालयाने ती निवड रद्द केली. या माणसाला अनइंटरेस्टेड कोणीही म्हटले नसते, कारण त्यांना त्या निवडीत पुरेपूर रस होता, आणि नेमकी तीच अडचण होती.

हितसंबंध म्हणजे केवळ पैसा, असेही नाही. चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे याच्या प्रत्यार्पणाचा प्रश्न १९९८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे आला, तेव्हा अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संघटनेला त्यात बाजू मांडण्याची परवानगी मिळाली होती. तीन विरुद्ध दोन मतांनी पिनोशेविरुद्ध निकाल लागला. त्या तिघांपैकी लॉर्ड हॉफमन हे अ‍ॅम्नेस्टीशी निगडित धर्मादाय कंपनीचे संचालक होते, ही गोष्ट नंतर पुढे आली आणि त्याच सभागृहाने आपलाच निकाल मागे घेतला. लॉर्ड हॉफमन यांना एका पैचा लाभ होणार नव्हता. एका ध्येयाशी असलेली बांधिलकीदेखील माणसाला डिसइंटरेस्टेड राहू देत नाही, हे त्या प्रकरणाने ठरवून दिले. पिनोशेबद्दल मला कणव नाही, तरीही निकाल मागे घेण्याचा तो निर्णय योग्यच होता असे मी मानते.

साक्षीदारांच्या बाबतीत हाच शब्द उलट बाजूने येतो. आपल्या फौजदारी न्यायालयांत ‘इंटरेस्टेड विटनेस’ हा आक्षेप रोज घेतला जातो, आणि तो बहुधा मृताच्या किंवा जखमीच्या नातेवाइकावर घेतला जातो. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषवून सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९५३ मध्ये दलीपसिंग खटल्यात या आक्षेपातील हवाच काढून घेतली. जवळचा नातेवाईक खऱ्या गुन्हेगाराला सोडून देऊन निरपराध माणसाला गोवील, ही शक्यता सर्वसाधारणपणे सर्वांत कमी असते, अशा अर्थाचे त्यांचे प्रतिपादन आहे. पुढे १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच असे सांगितले की नातेवाईक असणे आणि हितसंबंधी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. खटल्याच्या निकालातून ज्याला काही लाभ होणार असेल, तोच हितसंबंधी. खून झालेल्याची पत्नी त्या खटल्यात अनइंटरेस्टेड असणे अशक्य आहे, परंतु तेवढ्याने ती कायद्याच्या अर्थाने ‘इंटरेस्टेड’ होत नाही. अशा ठिकाणी ‘रस असलेला साक्षीदार’ हे भाषांतर केले तर अर्थाचा अनर्थ होईल. ‘हितसंबंधी साक्षीदार’ असेच लिहिले पाहिजे.

क्रिकेटचे पंच हे याहून हलके, पण तितकेच चपखल उदाहरण आहे. पूर्वी कसोटी सामन्यात यजमान देशाचेच पंच असत आणि प्रत्येक दौऱ्यानंतर कोणी ना कोणी त्यांच्या नावाने खडे फोडत असे. १९८६ मध्ये पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या लाहोर येथील कसोटीसाठी भारतातून व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर यांना बोलावण्यात आले. पाकिस्तान जिंकले काय आणि वेस्ट इंडीज जिंकले काय, त्यांच्या देशाच्या पदरात काही पडणार नव्हते. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने पुढे १९९४ पासून कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे असावेत असे ठरवले. अशा पंचाला निकालाशी देणेघेणे नसते आणि तरीही दिवसभर, प्रत्येक चेंडूला, त्याचे लक्ष गोलंदाजाच्या पायावर आणि फलंदाजाच्या बॅटीच्या कडेवर खिळलेले असावे लागते. डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेड या शब्दांना समानार्थी मानणाऱ्याने या पंचाचे वर्णन करून दाखवावे, असे मला नेहमी वाटते. त्याच्यापाशी फक्त एकच शब्द उरलेला असतो, आणि त्या एका शब्दात हा पंच मावत नाही.

आता एका गोष्टीची कबुली शुद्धलेखनवाद्यांनी द्यायला हवी, ती ते सहसा देत नाहीत. ‘डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्ष हाच मूळ अर्थ, आणि रस नसलेला हा अलीकडच्या अर्धशिक्षितांनी केलेला बिघाड,’ असे जे सांगितले जाते ते इतिहासाला धरून नाही. सतराव्या शतकात परिस्थिती जवळजवळ उलटी होती. त्या काळी ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द बेफिकीर, रस नसलेला या अर्थानेही वापरात होता, आणि ‘अनइंटरेस्टेड’ हा निःपक्ष, हितसंबंध नसलेला या अर्थाने लिहिला जात होता. अठराव्या शतकात दोघांनी आपापली कामे बदलून घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा तो भाग तयार झाला, तेव्हा ‘डिसइंटरेस्टेड’चा ‘रस नसलेला’ हा अर्थ कालबाह्य झाला असावा, असा प्रश्नचिन्हासह शेरा संपादकांनी मारला होता. विसाव्या शतकात तोच अर्थ पुन्हा इतका बोकाळला की आज बहुतेक कोश दोन्ही अर्थ देतात आणि सोबत एक सावधगिरीची टीप जोडतात.

त्यामुळे फरक पाळण्यासाठी मूळ अर्थाची दुहाई देण्यात हशील नाही. फरक पाळावा तो उपयोगासाठी. ‘रस नसलेला’ म्हणायला इंग्रजीत डझनभर शब्द आहेत. हितसंबंधांच्या बाहेर उभा असलेला, हे एका शब्दात सांगणारे विशेषण त्यामानाने दुर्मीळ आहे. ‘इम्पार्शल’ किंवा ‘अनबायस्ड’ हे त्याच्या जवळ जातात, पण ते पुन्हा मनाकडेच वळतात. हितसंबंध असलेला माणूसही प्रयत्नपूर्वक इम्पार्शल राहू शकतो. त्याला डिसइंटरेस्टेड मात्र होता येत नाही, निदान समभाग विकेपर्यंत तरी.

या सगळ्यात मला सर्वांत मोह पडतो तो आपल्या ‘उदासीन’ या शब्दाचा. उद् आणि आस् यांपासून आलेल्या या संस्कृत शब्दाचा मूळ भाव अलग बसलेला, वादाच्या बाहेर बसलेला असा आहे. कौटिल्याच्या राजमंडळात विजिगीषू म्हणजे जिंकू पाहणारा राजा, त्याचा शत्रू, मध्यम आणि उदासीन असे राजे येतात, आणि त्यांतला उदासीन हा झगड्याच्या कक्षेबाहेरचा, पण कोणालाही मदत करण्याची किंवा कोणालाही आवरण्याची ताकद असलेला बलाढ्य राजा आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात सुहृद, मित्र, शत्रू, उदासीन, मध्यस्थ अशी माळच येते, आणि तिथेही उदासीन म्हणजे ना मित्र ना शत्रू असा माणूस. बाराव्या अध्यायातील ‘अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः’ या ओळीत तर ‘दक्ष’ आणि ‘उदासीन’ शेजारी-शेजारी बसवले आहेत. आजच्या मराठीच्या कानाला ही जोडी विसंगत वाटते, कारण दक्ष असलेला माणूस उदासीन कसा असेल, असा प्रश्न आपल्याला पडतो. ‘मतदारांची उदासीनता’, ‘प्रशासनाची उदासीनता’ असे मथळे वाचून वाचून आपण या शब्दाला अनास्थेच्या दावणीला बांधले आहे, आणि त्याचा धाकटा भाऊ ‘उदास’ तर चक्क दुःखी होऊन बसला आहे. वादाबाहेर बसलेल्या माणसाला त्या वादाचे काही वाटत नसणार, अशी समजूत दोन दूरच्या भाषांतील लोकांनी एकमेकांना न विचारता करून घेतली, आणि ‘उदासीन’चेही ‘डिसइंटरेस्टेड’सारखेच झाले.

मराठीचे नशीब एवढेच की एक शब्द गेला तरी हाताशी दुसरे होते. काठावर उभा असलेला तो तटस्थ, दोघांखेरीज तिसरा असलेला तो त्रयस्थ, आणि जुन्या कागदांत व बोलण्यात येणारा ‘तिऱ्हाईत’ तर अगदी देशी. हे तिन्ही शब्द जागेबद्दल बोलतात, आणि म्हणून न्यायालयीन भाषांतरात मी त्यांच्याकडेच आधी वळते. ‘निःस्वार्थी’ हा शब्द कोशांत ‘डिसइंटरेस्टेड’समोर हटकून दिलेला असतो, पण तो फार सावधपणे वापरावा. निःस्वार्थी समाजसेवक आणि निःस्वार्थी मदत हे ठीक आहे, आणि इंग्रजीतही हा शब्द त्या अर्थाने येतो. परंतु ‘निःस्वार्थी साक्षीदार’ किंवा ‘निःस्वार्थी लवाद’ असे लिहिले की नुसत्या कायदेशीर स्थितीला नैतिक थोरवीचा मुलामा चढतो. माझा शेजारी आणि त्याचा भाऊ यांच्या वाटणीत मी तिऱ्हाईत आहे, यात माझा काही मोठेपणा नाही.

याच कारणासाठी रामशास्त्री प्रभुणे यांना ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणावे की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही परंपरेने चालत आलेली हकिकत सर्वांना ठाऊक आहे. काटेकोर अर्थाने पाहिले तर रामशास्त्री पेशव्यांच्या पदरी होते. ज्याच्याविरुद्ध निर्णय द्यायचा त्याच्याच हाती त्यांचे पद होते. त्यांचा हितसंबंध होता आणि तो राघोबांना सोडून देण्याच्या बाजूने होता. आजच्या नियमाने त्यांना या प्रकरणातून बाजूला व्हावे लागले असते. मराठीने त्यांच्यासाठी जो शब्द राखून ठेवला आहे तो ‘निःस्पृह’ हा आहे, आणि तो बरोबर आहे, कारण स्पृहा ही मनात असते. चुकीच्या जागी उभे राहूनही मन ढळू न देणारा तो निःस्पृह. कायदा मात्र प्रत्येक न्यायासनावर रामशास्त्री सापडतील असे गृहीत धरू शकत नाही, म्हणून तो जागेवर बोट ठेवतो.

कायद्याबाहेर हा शब्द सौंदर्यशास्त्रात महत्त्वाचा ठरला. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० मध्ये असे मांडले की सौंदर्याचा आनंद हा इंटरेस्टविरहित असतो. समोरचा राजवाडा सुंदर आहे का, या प्रश्नाचे उत्तर देताना तो माझ्या मालकीचा आहे का, मला त्यात राहायचे आहे का, तो प्रजेच्या घामावर उभा राहिला आहे का, हे विचार बाजूला ठेवावे लागतात. येथे ‘अनइंटरेस्टेड’ हा शब्द घातला की सगळा सिद्धांतच हास्यास्पद होतो, कारण चित्रात रस नसलेल्या माणसाला चित्राचा आनंद मिळतो असे त्याचे म्हणणे होऊन बसते. इंग्रजीतील या विषयावरचे लेखन वाचताना विद्यार्थी याच ठिकाणी अडखळतात.

लिहिताना उपयोगी पडणाऱ्या दोन-तीन खुणा मात्र सांगण्यासारख्या आहेत. ‘अनइंटरेस्टेड’च्या मागोमाग ‘इन’ येतो, कारण रस कशात तरी असावा किंवा नसावा लागतो. निःपक्ष या अर्थाचा ‘डिसइंटरेस्टेड’ बहुधा एकटा किंवा नामाच्या आधी येतो: डिसइंटरेस्टेड सल्ला, डिसइंटरेस्टेड निरीक्षक. म्हणून ‘डिसइंटरेस्टेड इन’ असे दिसले की लिहिणाऱ्याला ‘कंटाळलेला’ किंवा ‘अनास्था असलेला’ म्हणायचे आहे, असे समजायला फारशी हरकत नसते. नामांची तऱ्हा आणखी निराळी आहे. ‘अनइंटरेस्ट’ हे नाम जवळजवळ कोणी वापरत नाही, त्यामुळे रस नसणे या अर्थासाठी सगळे ‘डिसइंटरेस्ट’ लिहितात, आणि निःपक्षपातासाठी लांबलचक ‘डिसइंटरेस्टेडनेस’ उरते. विशेषणांच्या घोटाळ्याला ही नामाची अडचणही बरीचशी कारणीभूत असावी, असा माझा कयास आहे. नाम एकदा पलीकडे गेले की विशेषणाला त्याच्यामागे जायला वेळ लागत नाही.

कायद्याचा मसुदा लिहिणारे लोक तर दोन्ही शब्दांना वळसा घालण्यात तरबेज आहेत. आपल्या २०१३ च्या कंपनी अधिनियमात संचालकाने आपला इंटरेस्ट उघड करावा आणि संबंधित करारावरील चर्चेत भाग घेऊ नये, असे कलम १८४ सांगते. कलम १७४ मध्ये गणपूर्तीचा, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान उपस्थितीचा प्रश्न येतो: ‘इंटरेस्टेड’ संचालकांची संख्या एकूण संख्येच्या दोन-तृतीयांश किंवा त्याहून जास्त झाली, तर उरलेल्या संचालकांपैकी किमान दोघे हजर असले की गणपूर्ती झाली असे समजावे. या उरलेल्या संचालकांना तेथे ‘जे इंटरेस्टेड संचालक नाहीत’ असे म्हटले आहे, म्हणजे कोणताही उपसर्ग न लावता सरळ नकार दिला आहे. हे कलम मराठीत आणताना ‘रस नसलेले संचालक’ असे लिहिले, तर सभेला कंटाळलेल्या दोन संचालकांच्या बळावर कंपनीची गणपूर्ती होईल. मी ‘हितसंबंध नसलेले संचालक’ असे लिहिते. वाक्य थोडे लांबते, पण चालते.